पावसचा मार्गशीर्ष: कोकणातल्या हिवाळी उत्सवामागचा इतिहास

रत्नागिरीच्या दक्षिणेला सुमारे वीस किलोमीटरवर, गौतमी नदीच्या काठी वसलेल्या पावस येथे तिथलेच संत स्वामी स्वरूपानंद (1903–1974) यांच्या परंपरेतले तीन मोठे उत्सव होतात. गुरुपौर्णिमा आषाढात येते, पुण्यतिथी श्रावण वद्य द्वादशीला आणि जयंती मार्गशीर्ष वद्य द्वादशीला. पहिले दोन ऐन पावसाळ्यात येतात, त्यामुळे थंडीच्या दिवसांत येणारा उत्सव हा एकच. दूरगावच्या साधकांची पावसची वारी या मार्गशीर्षाशी का जोडली गेली, हे समजून घ्यायचे तर स्वामींच्या चरित्राइतकाच कोकणच्या वाटांचा आणि शेतीचा इतिहास पाहावा लागतो.

रस्ते आणि पूल होण्यापूर्वीचे कोकण पावसाळ्यात जवळजवळ बंद होत असे. मुंबईहून हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशा बंदरांना लागणाऱ्या आगबोटी पावसाच्या तोंडावर थांबत आणि समुद्र निवळल्यावरच पुन्हा सुरू होत. पावसाळ्यातही चालू असलेल्या मुंबई–रेवस या जवळच्या फेरीत 17 जुलै 1947 रोजी ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. पावसाळी समुद्राची धास्ती कोकणी घरांत किती खोल होती, हे त्या एका घटनेवरून कळते. खुष्कीच्या मार्गाने यावे, तर वाटेत खाड्या, त्या ओलांडायच्या तरी (होड्या) आणि फुगलेले वहाळ. म्हणून आषाढ-श्रावणातल्या उत्सवाला पंचक्रोशीतली माणसेच प्रामुख्याने येऊ शकत, आणि मुंबई-पुण्याकडच्या माणसाने गुरूच्या भेटीला निघायचे ते दिवाळीनंतरच, अशी चाल पडत गेली.

शेतीचे गणितही याच्याशी जुळते. आश्विन-कार्तिकात भाताची कापणी, झोडणी उरकते, धान्य घरात येते आणि तुळशीचे लग्न लागले की गावाला उसंत मिळते. आंब्याची खरी धांदल अजून दोन-तीन महिने दूर असते. याच मोकळ्या काळात दक्षिण कोकणातल्या देवळांत जत्रा आणि दहिकाले सुरू होतात, दशावतारी नाटकांच्या मंडळ्या गावोगाव फिरू लागतात. सिंधुदुर्गातल्या माणगावला, म्हणजे 1854 साली जन्मलेले दत्तसंप्रदायातले संन्यासी वासुदेवानंद सरस्वती टेंबेस्वामी यांच्या जन्मगावी, मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती होते. कणकवलीला तिथले संत भालचंद्र महाराजांची पुण्यतिथी डिसेंबरातच येते. चातुर्मासात संन्याशाने एका जागी राहावे आणि पुढचे आठ महिने फिरावे, हा जुना नियम टेंबेस्वामींनी आयुष्यभर पाळला. त्या नियमात आणि भक्तांच्या प्रवासाच्या हंगामात एकच कारण दडलेले आहे: पाऊस.

पावसच्या बाबतीत मात्र गुरू फिरत नव्हते, आणि माझ्या मते हाच या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे. स्वामी स्वरूपानंद, पूर्वाश्रमीचे रामचंद्र विष्णू गोडबोले, यांचा जन्म 15 डिसेंबर 1903 रोजी पावसलाच झाला. नाथसंप्रदायाच्या परंपरेतल्या पुण्याच्या बाबामहाराज वैद्यांकडून त्यांना सोऽहं साधनेची, म्हणजे ‘तो मीच’ या भावाने श्वासाबरोबर करायच्या ध्यानाची, दीक्षा मिळाली. तरुणपणी ते स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले, कायदेभंगाच्या काळात येरवड्याच्या तुरुंगात राहिले. 1934 साली गंभीर आजारातून ते कसेबसे वाचले. त्यानंतर गावातल्या देसाई कुटुंबाच्या ‘अनंत निवास’ या घरी त्यांचा मुक्काम पडला आणि 15 ऑगस्ट 1974 रोजी देह ठेवीपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, तो तिथून हलला नाही. ना मठ उभारला, ना दौरे केले. गावाला ‘आप्पा’ म्हणून ठाऊक असलेला हा माणूस एका खोलीत बसून ज्ञानेश्वरी अभंगरूपात आणत होता, आणि ज्याला त्यांना भेटायचे त्याला पावसची वाट धरण्यावाचून इलाज नव्हता.

त्यामुळे इथल्या मेळ्याची सुरुवात एका घराच्या पाहुणचारातून झाली. येणाऱ्याला जेवू घालायचे, पडवीत अंथरूण द्यायचे, जाताना पुढच्या तरीची वेळ सांगायची, हे कोकणातल्या कुठल्याही घरचे रिवाज तिथे साधकांच्या वाट्याला आले. पुढे समाधिमंदिर उभे राहिले, सेवा मंडळाकडे व्यवस्था आली, भक्तनिवास झाले. तरी दुपारच्या खिचडीच्या प्रसादाला बसलेल्या पंगतीत तो घरगुतीपणा अजून ओळखू येतो. तो टिकला, याचे श्रेय मी देसाई कुटुंबाच्या त्या चाळीस वर्षांच्या आतिथ्याला देतो. कोकणच्या धार्मिक इतिहासात अशा यजमान घरांची नोंद फार कमी घेतली गेली आहे, आणि ती घेतली जायला हवी.

एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. मुंबईचे चाकरमानी गावी येतात ते गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात, आणि ते आपल्याच घरी उतरतात. मार्गशीर्षात पावसला येणाऱ्यांपैकी पुष्कळांचे कोकणात घर नसते. ते घाटावरून, विदर्भातून, राज्याबाहेरूनही येतात. म्हणूनच निवासाची आणि भोजनाची सोय हा इथे उत्सवाचाच भाग झाला, आणि पारायण, कीर्तन, प्रवचनाइतकीच स्वयंपाकघरातली आणि पंगतीतली सेवा महत्त्वाची मानली गेली.

26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि ऋतूचे बंधन बरेच सैल झाले. आता गुरुपौर्णिमेलाही मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी रत्नागिरीत उतरता येते आणि तिथून एसटीने पावस गाठता येते. तरीही चार दिवस राहायला येणारे अजून थंडीचेच दिवस निवडतात. त्यात तिथीची एक अडचण आहे. मार्गशीर्ष वद्य द्वादशी कधी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येते, तर कधी जानेवारी उजाडल्यावर. ती नाताळच्या सुट्टीला लागून आली की गणपतीपुळे-रत्नागिरीकडे निघालेल्या पर्यटकांची आणि साधकांची गर्दी एकाच वेळी होते. अशा वर्षी मुक्कामाची चौकशी दिवाळीच्या सुमारासच केलेली बरी.