रोबोचा फुटबॉल आणि पाच सप्तमांश

विद्यार्थ्यांचा एखादा संघ रोबो-फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेला निघाला की पेपरात फोटो येतो आणि खाली ओळ असते, 'रिमोटवर चालणारे फुटबॉलपटू'. फोंड्यातले आमच्या ओळखीचे एक काका, ज्यांची हयात धेंपो आणि साळगावकर या गोव्यातल्या फुटबॉल क्लबांचे सामने बघण्यात गेली, त्यांनीही मला हेच विचारलं, "मग रिमोट कोणाच्या हातात असतो रे?"

कोणाच्याच नाही. खेळ सुरू झाला की मुलांनी हात बांधून बाहेर उभं राहायचं. पास कुणाला द्यायचा, गोल कुणी अडवायचा, हे सगळं आधी लिहून ठेवलेल्या प्रोग्रॅमने ठरवायचं. सामना चालू असताना बाहेरून एक कळ दाबली तरी ती लबाडी.

रोबोकप ही स्पर्धा १९९७ साली जपानमधल्या नागोया शहरात सुरू झाली. त्याच वर्षी मे महिन्यात 'डीप ब्लू' या संगणकाने कास्पारोव्हला बुद्धिबळात हरवलं होतं. पण पटावर घोडा कुठल्या घरात आहे याबद्दल संगणकाला कधी शंका नसते. मैदानावर चेंडू नेमका कुठे आहे, इथूनच अडचण सुरू होते. २०५०पर्यंत माणसांच्या विश्वविजेत्या संघाला हरवणारा रोबोसंघ उभा करायचा, हे आयोजकांचं जाहीर ध्येय. 'यंत्रं आता मेस्सीला खाणार' छापाचे मथळे त्यातूनच येतात. माणसासारखे दोन पायांचे रोबो अजून चेंडू मारता मारता स्वतःच आडवे होतात, तेव्हा मथळेवाल्यांनी जरा दम धरावा.

मला आवडतो तो छोट्या रोबोंचा गट. रोबो १८ सेंटिमीटर व्यासाच्या आणि १५ सेंटिमीटर उंचीच्या डब्यात मावला पाहिजे, आणि चेंडू म्हणजे नारिंगी रंगाचा गोल्फचा चेंडू. मैदानाच्या वर कॅमेरे टांगलेले. प्रत्येक रोबोच्या डोक्यावर रंगीत ठिपके असतात. मधल्या निळ्या किंवा पिवळ्या ठिपक्यावरून संघ कळतो, भोवतालच्या चार ठिपक्यांवरून रोबोचा क्रमांक आणि त्याचं तोंड कुठे आहे ते. बाहेर ठेवलेला संगणक हे चित्र वाचतो, डाव ठरवतो आणि रेडिओवरून हुकूम सोडतो. कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज तारेच्या वेटोळ्यात क्षणात सोडली की लोखंडी दांडा पुढे झेपावतो आणि चेंडूला लाथ बसते. सेकंदाला साडेसहा मीटरपेक्षा जास्त वेगाने मारायला मात्र बंदी आहे.

कॅमेऱ्यापासून चाकापर्यंतच्या या प्रवासाला वेळ लागतो. तो सेकंदाचा दहावा भाग धरला, तर ५ मीटर वेगाचा चेंडू तेवढ्यात अर्धा मीटर पुढे गेलेला असतो. रोबोला दिसतो तो शिळा चेंडू. त्यामुळे गोल अडवायचा तर भविष्य सांगता आलं पाहिजे. ताळगावच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा कसलेला गोलरक्षकही तेच करत असतो, फक्त तो गणित मांडत बसत नाही.

भविष्यावरून आठवलं. २०१०च्या विश्वचषकात जर्मनीतल्या पॉल नावाच्या ऑक्टोपसने आठपैकी आठ निकाल बरोबर सांगितले आणि तेव्हा शिकलेसवरलेले लोकही भारावले होते. नुसतं नाणं उडवून आठही बरोबर येण्याची शक्यता २५६त एक. जगभर त्या महिन्यात किती पोपटांना, माशांना आणि ज्योतिषांना हाच प्रश्न विचारला गेला असेल! चुकलेल्यांची नावं कोण लक्षात ठेवतो?

रोबोचं भविष्य भौतिकशास्त्रावर चालतं, आणि त्यात एक फार सुंदर गोष्ट दडलेली आहे. दांड्याचा फटका चेंडूच्या बरोबर मध्यावर बसला, तर चेंडू आधी गडगडत नाही, नुसता घसरतो. घर्षण त्याचा वेग कमी करतं आणि त्याच वेळी त्याला गरगर फिरवू लागतं. पुढे जाण्याचा वेग घटतोय, फिरण्याचा वाढतोय. दोन्ही जुळले की घसरणं संपतं आणि शुद्ध गडगडणं सुरू होतं. त्या क्षणी वेग किती? घर्षणाचं बल जमिनीलगत काम करतं, म्हणून जमिनीवरच्या बिंदूभोवती चेंडूचा कोनीय संवेग (त्या बिंदूभोवतीच्या गतीचं माप) बदलत नाही. सुरुवातीला तो 'वस्तुमान गुणिले वेग गुणिले त्रिज्या' एवढा. गडगडताना त्यात स्वतःभोवतीच्या फिरण्याचा वाटा मिळतो, आणि भरीव गोलासाठी तो वाटा दोन पंचमांश. म्हणजे जुना वेग बरोबर नवा वेग गुणिले सात पंचमांश. उलटवून बघा: नवा वेग मूळ वेगाच्या पाच सप्तमांश.

या उत्तरात घर्षणाचा पत्ताच नाही! मैदानावर अंथरलेला गालिचा खरबरीत असो की गुळगुळीत, साडेसहा मीटरने मारलेला चेंडू गडगडू लागेल तेव्हा त्याचा वेग ४.६ मीटरच्या आसपासच असणार. फातोर्ड्याच्या हिरवळीवर खरा फुटबॉल असाच जमिनीलगत मारला, तर तो पोकळ असल्यामुळे अपूर्णांक तीन पंचमांशाजवळ येईल. (जुलैतल्या चिखलात नाही; साचलेलं पाणी सगळं गणित बुडवतं.)

घर्षणावर ठरतं ते एवढंच, की हा बदल किती अंतरावर होईल. घर्षणांक, म्हणजे घर्षण किती जोरदार याचं माप, ०.३ धरला तर साधारण साडेतीन मीटरवर. त्यानंतर वेग फारच हळू उतरतो. चेंडू घसरतोय की गडगडतोय हे न ओळखणारा प्रोग्रॅम त्यामुळे पास घ्यायला रोबोला भलत्याच जागी पाठवतो. कॅमेऱ्याचं मोजमापही थोडं थरथरतं. ते निवळायला रुडॉल्फ काल्मान यांनी १९६० साली मांडलेली पद्धत कामी येते. अपोलो यानांच्या मार्गदर्शनातही तीच होती. आपला अंदाज आणि नवं मोजमाप, दोहोंपैकी कुणावर किती विसंबायचं हे ती दर चित्रागणिक ठरवते.

म्हणून परक्या देशात पोचलेली मुलं पहिल्यांदा तिथल्या गालिच्यावर नुसता चेंडू मारून बघत बसतात. ही स्पर्धा बहुधा जून-जुलैत असते, आणि तेव्हा गोव्याच्या दमट प्रयोगशाळेत सराव केलेला गालिचा आणि तिकडचा कोरडा गालिचा यांचा घर्षणांक एक नसतो. पाच सप्तमांश मात्र मोजावा लागत नाही.

त्यालाही एक अपवाद आहे. चेंडू सुटू नये म्हणून रोबोच्या तोंडाशी एक रबरी रूळ फिरत असतो आणि तो चेंडूला उलटी फिरकी देतो. तसाच फटका मारला तर पाच सप्तमांशातून फिरकीच्या वेगाचे दोन सप्तमांश वजा होतात. चेंडूच्या पृष्ठभागाचा उलटा वेग पुढे जाण्याच्या वेगाच्या अडीचपट झाला, तर चेंडू घसरत घसरत जाऊन जागच्या जागी थांबेल. त्याहून जास्त असेल तर मारणाऱ्याकडेच परत येईल.