प्रभू येशू परत यायची तारीख? बायबलमधे ती नाहीच

आमच्या मिरजेत दर दोन-तीन वर्षांनी व्हॉट्सअपवर तोच मेसेज फिरतो, प्रभू येशू अमुक तारखेला येणार, बायबलमधे हिशोब दिलाय. परवा उपासना सुटल्यावर एका काकूंनी चष्मा वर सरकवत मोबाईल पुढं केला, "बघ रे, आता ऊस लावायचा का नाही?" म्हटलं, काकू लावा बिनधास्त, मत्तय 24:36 उघडा, प्रभू स्वतःच सांगतो की तो दिवस आणि ती घटका कुणालाच माहीत नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला.

तरी लोक आकडेमोड करतातच. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या उपदेशकाच्या माणसांनी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली होती, काहींनी तर शेतातलं पीक काढलंच नाही, आणि दिवस गेला तसाच.

आणि स्वर्गाची आशा म्हणजे हातावर हात ठेवून बसणं पण नव्हे हो, बायबलच्या काळात थेस्सलनीका शहरातल्या मंडळीत असे काही बसले होते, प्रेषित पौलानं त्यांना पत्रात सरळ सुनावलं, काम करायचं नसेल तर खाऊही नका. डॉक्टर वानलेस मिशनरीच होते की, पण वाट बघत बसले नाहीत, 1894 ला आपल्या मिरजेत दवाखाना उभा केला.

काकूंनी मेसेज डिलीट केला. मग म्हणाल्या, "बरं, बेणं कुठलं घेऊ?"