आकड्यांत नसलेला पिवळा पट्टा

समुद्राच्या तापमानाचा नकाशा आहे, निळ्यापासून लालपर्यंत इंद्रधनुष्याचे सगळे रंग वापरलेला. मधोमध एक झळझळीत पिवळा पट्टा उठून दिसतो आणि वाटतं, इथे पाण्यात काहीतरी वेगळं घडतंय. मूळ आकडे उघडून पाहिले, तर तापमान सावकाश, एकसारखं वाढत गेलेलं. पट्टा समुद्रात नसतोच, तो रंगमालेत, म्हणजे कोणत्या आकड्याला कोणता रंग हे ठरवणाऱ्या क्रमात असतो.

पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांतून बनतो, पण आपला डोळा तिघांना सारखा मान देत नाही. पडद्यासाठीच्या प्रचलित सूत्रात एकूण उजळपणापैकी हिरव्याचा वाटा सुमारे 72 टक्के, लालचा 21 आणि निळ्याचा जेमतेम 7. त्याच हिशेबाने इंद्रधनुष्य मोजून पाहा: निळा 7, आकाशी 79, हिरवा 72, पिवळा 93 आणि शेवटचा लाल पुन्हा 21. तापमान चढतच राहतं. उजेड मात्र चढतो, अडखळतो, परत चढतो आणि शेवटी कोसळतो. चित्रातले बारीक चढउतार डोळा मुख्यतः उजेडावरूनच टिपतो. म्हणून पिवळ्यापाशी नसलेली कडा दिसते आणि हिरव्याच्या पसरट भागात खरे फरक बुडून जातात.

हे केवळ दिसण्यापुरतं नाही. 2011 साली हार्वर्डमधल्या संशोधकांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या चित्रांवर प्रयोग केला. इंद्रधनुषी त्रिमितीय चित्रात पाहणाऱ्यांना धोक्याच्या जागांपैकी 39 टक्केच सापडल्या. चित्र सपाट केलं आणि रंगमालाही बदलली, तेव्हा 91 टक्के. बदल दोन होते, त्यामुळे सगळं श्रेय रंगाला देता येणार नाही. तरी हे आकडे वाचल्यापासून मी एकही आलेख सॉफ्टवेअरने दिलेल्या आयत्या रंगांत सोडलेला नाही.

आयते रंग आता सुधारलेत, हेही खरं. आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी मॅटलॅबने 'जेट' ही इंद्रधनुषी माला 2014 मध्ये आयत्या रंगांतून काढली, मॅटप्लॉटलिबने 2017 मध्ये. मॅटप्लॉटलिबने तिच्या जागी आणलेली 'विरिडिस' गडद जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत जाते. तिचा उजळपणा समान पावलांनी वाढतो आणि लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्यांनाही ती नीट वाचता येते. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत अशांचं प्रमाण सुमारे 8 टक्के आहे. ग्नूप्लॉट या आणखी एका आलेख-सॉफ्टवेअरची जुनी मूळ माला मोठी गमतीची आहे: आकडा 0 ते 1 मध्ये बसवायचा, त्याचं वर्गमूळ लाल, घन हिरवा आणि त्याच्या 360 पट अंशांचा साइन निळा. एवढ्यावर काळा ते पिवळा असा सगळा प्रवास होतो.

चांगली माला निवडूनही एक चूक हमखास होते. सरासरीपेक्षा कमी-जास्त दाखवताना आपण निळा-पांढरा-लाल घेतो. पांढरा म्हणजे शून्य, असं वाचणारा गृहीत धरतो. पण आकडे उणे 2 ते अधिक 6 असतील, तर सॉफ्टवेअर पांढरा रंग मुकाट्याने अधिक 2 वर नेऊन ठेवतं. मग सरासरीहून गरम जागाही निळी, म्हणजे थंड दिसते. उपाय सोपा आहे: रंगपट्टीची मर्यादा स्वतः उणे 6 ते अधिक 6 अशी बांधायची. निळ्याच्या गडद छटा वापरल्याच जाणार नाहीत, पण पांढरा शून्यावर येईल.

आणि आलेख पाठवण्याआधी तो एकदा कृष्णधवल करून पाहावा. इंद्रधनुषी माला असेल, तर सर्वांत थंड आणि सर्वांत गरम अशा दोन्ही जागा तिथे काळपटच दिसतील.