पिक्सेलच्या विसाव्या भागाइतकी झीज

‘गॅप कमी झाली आहे,’ असं डॉक्टर गुडघ्याचा एक्स-रे दाखवून सांगतात, तेव्हा ज्या कूर्चेबद्दल, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाबद्दल, ते बोलत असतात ती त्या फिल्मवर दिसतच नसते. दिसतात ती हाडं. मधल्या मोकळ्या जागेवरून कूर्चेचा अंदाज बांधायचा. त्या जागेत मांडीच्या हाडावरची कूर्चा, नडगीच्या हाडावरची कूर्चा आणि दोहोंच्या मधला मेनिस्कस (गादीसारखी चकती) असं सगळंच येतं. मेनिस्कस जागचा सरकून बाहेर आला, तर कूर्चा शाबूत असूनही गॅप घटते. पुढच्या खेपेला गुडघा थोडा जास्त वाकवून फिल्म काढली, तरी आकडा बदलतो. सांध्यात काहीही न टोचता खुद्द कूर्चा मोजायची, तर एमआरआयला पर्याय नाही.

पण नेहमीच्या तपासणीतला एमआरआय इथे पुरत नाही. त्यातले काप, म्हणजे गुडघ्याची एकामागून एक घेतलेली चित्रं, ३-४ मिलिमीटर जाडीचे असतात. लिगामेंट तुटलंय का, मेनिस्कस फाटलाय का, हे पाहायला ते ठीक. पण कूर्चा स्वतःच जेमतेम २-३ मिलिमीटर जाड असते. मोजमापासाठी बारीक कापांचा त्रिमितीय क्रम (चित्रं घेण्याची ठरावीक पद्धत) लागतो. अमेरिकेतल्या ‘ऑस्टिओआर्थरायटिस इनिशिएटिव्ह’ या प्रकल्पाने २००४पासून ४,७९६ जणांच्या गुडघ्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यात ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं एकक) यंत्रांवर ‘डेस’ नावाचा क्रम वापरला: काप ०.७ मिमीचे, एका गुडघ्याचे १६०, आणि प्रत्येक चित्रातला पिक्सेल ०.३६५ मिमीचा. एवढ्याला दहा मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ पाय हलता कामा नये.

आता हिशेब बघा. नडगीच्या हाडाच्या आतल्या बाजूची कूर्चा साधारण १० चौरस सेंटिमीटर पसरलेली आणि सरासरी १.७ मिमी जाड धरू. संधिवात झालेल्या गुडघ्यात ती वर्षाला १-२ टक्के झिजते. एक टक्का म्हणजे ०.०१७ मिमी, पिक्सेलच्या जवळजवळ विसाव्या भागाइतकं. पिक्सेलपेक्षा इतका लहान बदल दिसणार कसा? एका जागी तो दिसत नाहीच. पण या कूर्चेखालचा हाडाचा पृष्ठभाग सुमारे ३,९०० ठिकाणी मोजला जातो. त्यासाठी प्रत्येक कापावर कूर्चेच्या कडा आखाव्या लागतात. कुठे कड जरा आत आखली गेली, कुठे जरा बाहेर, तर सरासरीत त्या चुका बऱ्याचशा एकमेकींना खाऊन टाकतात.

सगळी मेख त्या ‘कुठे आत, कुठे बाहेर’मध्ये आहे. आखणाऱ्याला सगळीकडेच कड अर्धा पिक्सेल बाहेर धरायची सवय असेल, तर जाडी दहा टक्क्यांहून जास्त फुगते, म्हणजे पाच-दहा वर्षांची झीज एका सवयीत गडप होते. म्हणून पहिली आणि नंतरची चित्रं एकाच माणसाने शेजारी शेजारी ठेवून आखायची, आणि त्यातली आधीची कोणती हे त्याला कळू द्यायचं नाही. कळलं, की हात आपोआप झिजेच्या बाजूला जातो. हाताचा पक्का आखणारा हवाच, पण त्याहून हे अज्ञान जास्त मोलाचं.

आखायच्या रेषा दोन: हाड आणि कूर्चेची हद्द, आणि कूर्चेचा वरचा पृष्ठभाग. पहिली बहुतेक ठिकाणी स्वच्छ दिसते. दुसरी त्रास देते. मांडी आणि नडगीच्या कूर्चा जिथे एकमेकींना टेकतात, तिथे मध्ये द्रव नसतो आणि दोन करड्या पट्ट्या एक होऊन जातात; भार तिथेच पडतो आणि झीजही बहुधा तिथेच होते. कडेला हाड वाढून टोक आलेलं असेल, तर त्याच्यावरचं आवरण मूळ कूर्चेत धरायचं नाही.

जाडी हाडाच्या पृष्ठभागाला काटकोनात मोजायची. मांडीच्या हाडाच्या गोलाईवर काप ४५ अंशांत तिरका गेला आणि त्या कापावरच पट्टी लावली, तर १.७ मिमीची कूर्चा २.४ मिमीची भरते. म्हणून आधी सगळ्या कापांतून त्रिमितीय पृष्ठभाग उभा करतात आणि मग अंतर काढतात.

नवख्यांना हटकून फसवणारी गोष्ट वेगळीच आहे. समजा, अर्ध्या भागात कूर्चा २ मिमी आहे आणि अर्ध्यात ०.५, सरासरी १.२५. काही वर्षांनी पातळ भाग पूर्ण झिजून हाड उघडं पडलं. उरलेल्या कूर्चेचीच सरासरी घेतली तर ती २ मिमी येते, म्हणजे गुडघा सुधारला! उघड्या हाडाची जाडी शून्य धरून पूर्ण पृष्ठभागावर भागलं, की १.० हा खरा आकडा मिळतो.

यंत्राच्या बाजूनेही घोळ होतात. ३ टेस्लावर चरबी आणि पाणी यांच्या संकेतांच्या वारंवारतेत सुमारे ४४० हर्ट्झचा फरक असतो. त्यामुळे अस्थिमज्जेतली चरबी चित्रात एका दिशेला सरकते, आणि एका हाडावरची कूर्चा जाड तर समोरची पातळ दिसते. उपाय म्हणजे चरबीचा संकेत दाबायचा किंवा फक्त पाण्यालाच चेतवायचं. रुग्णाने तपासणीआधी काय केलं, यानेही फरक पडतो: खोल बैठका मारल्यावर वाटीमागची कूर्चा ५-६ टक्क्यांनी दबते आणि पूर्ववत व्हायला दीड तासाच्या आसपास लागतो. जिने चढून आलेल्याला लगेच यंत्रात सरकवू नये. मधल्या काळात यंत्र किंवा कॉइल (गुडघ्याभोवती बसवायचा, संकेत टिपणारा भाग) बदलली, तर तो बदल झिजेत मिसळतो.

हाताने एक गुडघा आखायला काही तास जातात. न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेला संगणक प्रोग्राम, तेच काही सेकंदांत करतं. या नेटवर्कांचं मूल्यमापन बहुधा ‘डाइस’ गुणांकाने होतं: यंत्राने रंगवलेला भाग माणसाने रंगवलेल्या भागाशी किती जुळतो. २०१९मध्ये याच डेस चित्रांवर झालेल्या स्पर्धेत दिसलं, की चांगल्या डाइसवरून जाडीच्या अचूकतेची फारशी हमी मिळत नाही. यात नवल नाही. साडेचार पिक्सेल जाडीच्या पट्टीत जवळजवळ सगळी कडाच असते, आणि कडेची चूक एकाच बाजूला झुकली आहे का, हे डाइस सांगतच नाही. नेटवर्क निवडताना दोन वेळच्या चित्रांमधला फरक ते किती इमानाने पकडतं, ते तपासावं.

एका रुग्णाच्या बाबतीत एक टक्क्याच्या फरकाला काही अर्थ नाही, कारण मोजमापाची चूकच १ ते ३ टक्के असते. हे आकडे कामी येतात ते औषधांच्या चाचण्यांत, शेकडो गुडघ्यांच्या सरासरीवर. स्प्रिफर्मिन या सांध्यात टोचायच्या औषधाची ५४९ जणांवरची चाचणी २०१९मध्ये प्रसिद्ध झाली. दर सहा महिन्यांनी सर्वांत मोठा डोस घेणाऱ्यांची कूर्चा दोन वर्षांनी, खोटं औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत ०.०५ मिमीने जाड निघाली. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला. दुखण्याच्या गुणांकात मात्र दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता.