मेल येत नाही, म्हणजे नक्की काय होत नाही?

लॅपटॉपवर साहेबांचा मेल कधीचा येऊन पडलेला असतो आणि फोनवर कालच्या दुपारनंतर काहीच नसतं. आयटीवाल्याला विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं : अकाउंट काढा आणि परत टाका. हा उपाय पुष्कळदा लागूही पडतो. का लागू पडला ते मात्र कळत नाही, आणि चार दिवसांनी तेच दुखणं पुन्हा डोकं वर काढतं.

फोनवर मेल ‘येतो’ असं आपण म्हणतो, पण ऑफिसचा सर्व्हर आपणहून फोनला गाठूच शकत नाही. दर वेळी फोनच सर्व्हरकडे जातो आणि विचारतो. सिंकच्या, म्हणजे फोन आणि सर्व्हर यांच्यातला मेल जुळवून ठेवण्याच्या, तक्रारी सोडवताना ही एक गोष्ट पक्की धरली तर बराच गुंता सुटतो, कारण मग प्रश्न असा उरतो की फोन विचारतोय का, कुणाला विचारतोय आणि त्याला उत्तर का मिळत नाही.

सर्व्हरला फोन का गाठता येत नाही? इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. जगातली उपकरणं त्याहून कितीतरी जास्त. म्हणून मोबाइल कंपन्या असंख्य फोन एकेका सार्वजनिक पत्त्यामागे लपवतात. आतला कुठला फोन बाहेरच्या कुठल्या सर्व्हरशी बोलतोय याची नोंद कंपनीच्या यंत्रणेत असते, आणि ती नोंद फोनने स्वतः संभाषण सुरू केलं तरच तयार होते. काही वेळ दोन्हीकडून शांतता राहिली की ती पुसली जाते. नोंद पुसली गेली की सर्व्हरने पाठवलेला निरोप कुठे पोचवायचा हे कुणालाच माहीत नसतं. इंटरनेटच्या मानकांनुसार अशी नोंद निदान २ तास ४ मिनिटं टिकायला हवी, पण प्रत्यक्षात मोबाइल जाळ्यांत आणि ऑफिसांच्या फायरवॉलमध्ये (जाळ्याच्या दारावरच्या पहारेकरी यंत्रणेत) ती पुष्कळदा त्याच्या कितीतरी आधी जाते.

मेल आणण्याच्या जुन्या पद्धती फोनसाठी घडलेल्याच नव्हत्या. पॉप १९८४ची, आयमॅप मार्क क्रिस्पिनने १९८६मध्ये स्टॅनफर्डला आखलेली. टेबलावरचा, वायरने जोडलेला, विजेची ददात नसलेला संगणक त्यांनी गृहीत धरला होता. अशा संगणकाने दर मिनिटाला ‘काही आहे का?’ असं विचारलं तरी बिघडत नाही. फोनचं तसं नसतं. दोन अक्षरं पाठवायची म्हटली तरी त्याचा रेडिओ पूर्ण शक्तीने जागा होतो, आणि काम संपल्यावरही ‘अजून काही येईल’ म्हणून काही सेकंद तसाच जागा राहतो. बॅटरी खाते ती मुख्यतः ही शेपटी. त्यामुळे बऱ्याच अॅपमध्ये १५ मिनिटं, अर्धा तास, एक तास असे पर्याय दिलेले असतात. आयफोनच्या मूळ मेल अॅपमध्ये साधं आयमॅप अकाउंट टाकलं असेल तर मेल पाव तास उशिरा येणं हा बिघाडच नाही. तिथे दुरुस्त करायला काही नसतं. सेटिंग पाहायचं आणि गप्प बसायचं.

ब्लॅकबेरी या फोनवाल्या कंपनीने यावर स्वतःचा मार्ग काढला होता. ग्राहकाच्या ऑफिसात तिचा खास सर्व्हर, मधे तिचंच जाळं आणि शेवटी तिचाच फोन. मेल तत्काळ यायचा, तोही इतका घट्ट कुलूपबंद की २०१०मध्ये भारत सरकारने सुरक्षेचं कारण देऊन त्या संदेशांपर्यंत पोच मागितली आणि सेवा बंद करण्याची तंबी दिली. पुढे स्मार्टफोन बदलले, आणि ४ जानेवारी २०२२ रोजी त्या जुन्या फोनांची सेवा थांबली.

मायक्रोसॉफ्टला असं स्वतःचं जाळं नव्हतं. एक्स्चेंज २००३ या मेल सर्व्हरवर त्यांनी आधी एक जुगाड केला : नवा मेल आला की सर्व्हर फोनला एक एसएमएस धाडायचा, आणि त्या इशाऱ्याने फोन जागा होऊन मेल आणायचा. एसएमएस मोबाइल कंपनीच्या मर्जीवर, शिवाय त्याचा खर्च वेगळा. २००५मध्ये त्याच सर्व्हरच्या सुधारित आवृत्तीत डायरेक्ट पुश नावाची युक्ती आली, आणि आज फोनमध्ये ‘एक्स्चेंज’ प्रकारचं अकाउंट टाकलं की आपण बहुधा हीच युक्ती वापरत असतो. ती ज्या पद्धतीचा भाग आहे तिचं नाव एक्स्चेंज अॅक्टिव्हसिंक. आयफोनमध्ये ती २००८ साली आली.

युक्ती साधी आहे, पण मला ती फार हुशारीची वाटते. फोन सर्व्हरला विनंती करतो : या फोल्डरांत नवं काही आलं तर सांग, मी पुढची इतकी मिनिटं थांबतो. सर्व्हर विनंती घेतो आणि उत्तरच देत नाही. ती तशीच लोंबकळत ठेवतो. मेल आला की त्याच क्षणी उत्तर जातं, आणि फोन धावत येऊन मेल घेऊन जातो. मुदत संपेपर्यंत काहीच आलं नाही तर सर्व्हर ‘काही नाही’ एवढंच कळवतो आणि फोन तीच विनंती नव्याने ठेवतो. ही मुदत १ मिनिटापासून ५९ मिनिटांपर्यंत असू शकते. मधल्या काळात रेडिओ झोपलेला, बॅटरी शाबूत.

मेख आहे ती त्या शांततेत. रात्री फोनवर बोलताना पलीकडचा माणूस बराच वेळ गप्प राहिला की आपण ‘आहेस ना?’ असं विचारतो, कारण तो ऐकतोय की लाइन कटली आहे हे नुसत्या शांततेवरून ओळखता येत नाही. फोनचीही तीच पंचाईत होते. सर्व्हर गप्प आहे तो मेल नाही म्हणून, की मधल्या फायरवॉलने नोंद पुसून टाकली म्हणून? फोनपुरत्या दोन्ही अवस्था अगदी सारख्या दिसतात. म्हणून शहाणं अॅप मुदत हळूहळू वाढवून पाहतं. ८ मिनिटं चालली तर १२, तीही चालली तर आणखी थोडी. एखादी विनंती अधांतरी राहिली की पुन्हा मागे. ज्या जाळ्यात नोंद लवकर पुसली जाते तिथे फोन वरचेवर विचारत बसतो, आणि मेलच्या तक्रारीऐवजी बॅटरीची तक्रार येते. आयमॅपलाही १९९७मध्ये असंच ताटकळत थांबण्याचं साधन मिळालं, आणि त्याच्या मानकात दर २९ मिनिटांच्या आत विनंती नवी करा असा सल्ला आहे, कारण अर्धा तास काहीच हालचाल नसली तर सर्व्हर बाहेर काढू शकतो.

हे समजलं की पहिली तपासणी आपोआप सुचते. मेल येत नाही असं वाटलं की काही काढू नका, बदलू नका; नुसतं अॅप उघडा आणि बोटाने खाली ओढा. अडकलेले सगळे मेल धडाधड आत आले, तर पासवर्ड बरोबर आहे, सर्व्हरचा पत्ता बरोबर आहे, सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, तेही ठीक आहे. बिघाड फक्त थांबण्यात आहे. मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तासभर काढा. डेटावर मेल वेळेवर आणि ऑफिसच्या वायफायवर उशिरा, तर संशय ऑफिसच्या फायरवॉलवर. जीमेलसारखी अॅप तर मेल सर्व्हरशी थेट लाइन धरून बसतच नाहीत. अँड्रॉइडवर गूगलची एकच सामायिक लाइन सगळ्या अॅपना उठवते, आणि ती साधारणतः ५२२८ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे जोडणीच्या एका ठरावीक दारातून, जाते. काटेकोर ऑफिसांत ते पोर्ट बंद असलं की ब्राउझर छान चालतो, यूट्यूब चालतं, आणि मेलची घंटा तेवढी वाजत नाही.

दोन्हीकडे उशीर होत असेल तर फोनच स्वतःच्या अॅपला झोपवतोय. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५पासून, फोन पडून राहिला की डोझ नावाची अवस्था लागते आणि अॅपना अधूनमधूनच नेट मिळतं. त्यावर काही फोन कंपन्यांनी आपापली बॅटरीबचत चढवली आहे, ती आणखी कडक. सेटिंगमध्ये मेल अॅपला बॅटरीच्या बंधनातून सूट दिली की पुष्कळ ‘सर्व्हरचे’ प्रॉब्लेम नाहीसे होतात.

खाली ओढूनही काही येत नसेल तर प्रकरण वेगळं. मात्र ‘मागचे मेल दिसत नाहीत’ एवढीच तक्रार असेल तर आधी किती दिवसांचे मेल ठेवायचे ते सेटिंग पाहावं. ३ दिवस किंवा १ आठवडा निवडलेला असतो आणि माणूस महिन्यापूर्वीचं बिल शोधत असतो.

खरा अडथळा असेल तर तो बरेचदा हिशेबाचा असतो. फोन दर वेळी सगळी पेटी उतरवून घेत नाही. मागच्या खेपेनंतर काय बदललं तेवढंच मागतो. त्यासाठी अॅक्टिव्हसिंकमध्ये प्रत्येक फोल्डरची एक सिंक-की असते. पहिल्या खेपेला फोन शून्य पाठवतो, सर्व्हर एक नवी की देतो, पुढच्या खेपेला फोन तीच परत दाखवतो आणि त्याबदली आणखी नवी मिळते. दोघांकडची की जुळत असेल तोवर सगळं सुरळीत. फोन बॅकअपमधून पूर्ववत केला, किंवा उत्तर येता येता लाइन तुटली आणि अॅपला ते नीट सावरता आलं नाही, की हिशेब फिसकटतो. सर्व्हर ‘ही की मला मान्य नाही’ म्हणतो आणि फोनला शून्यापासून सुरुवात करावी लागते. अॅपने ती मुकाट्याने केली तर आपल्याला पत्ताही लागत नाही. नाही केली तर तो फोल्डर तिथेच गोठतो आणि बाकीचे चालू राहतात. ‘काढून परत टाका’ यात नेमकं हेच साधतं : हिशेब शून्यावर येतो. म्हणून तो उपाय फक्त याच दुखण्यावर खरा आहे. आधी सर्व्हरच्या वेबमेलवर, म्हणजे ब्राउझरमधून, जाऊन मेल तिथे दिसतो का ते पाहावं, आणि फोनवरच अडकलेले, न पाठवलेले मेल कुठेतरी उतरवून ठेवावेत. अकाउंट काढलं की ते गेले.

लॅपटॉपवर चालतं आणि फोन ‘सर्टिफिकेटवर विश्वास नाही’ म्हणतो, याचं कारणही मजेशीर आहे. सर्व्हरने आपली ओळख पटवताना स्वतःचं सर्टिफिकेट आणि त्याला सही देणाऱ्या मधल्या संस्थेचं सर्टिफिकेट, दोन्ही पाठवायची असतात. मधलं पाठवायला कुणी विसरलं तर लॅपटॉपचा ब्राउझर ते स्वतः शोधून आणतो किंवा पूर्वी कुठे पाहिलेलं वापरतो. अँड्रॉइड फोन अशी खटपट करत नाही, सरळ नकार देतो. इथे चूक सर्व्हरवर आहे, आणि फोनवर ‘सगळी सर्टिफिकेट मान्य करा’ असा पर्याय दिसला तरी तो निवडू नये. त्याने विमानतळावरच्या कुठल्याही फुकट वायफायला तुमचा पासवर्ड वाचायची मुभा मिळू शकते. फोनची तारीख चुकलेली असेल तरी हीच तक्रार येते, तेव्हा ती एकदा बघून घ्यावी.

पासवर्डची कथा तीन महिन्यांनी एकदा घडते. ऑफिसने बदलायला लावलेला पासवर्ड लॅपटॉपवर बदलतो, फोनवरही बदलतो, आणि घरी कपाटात पडलेला टॅब जुनाच पासवर्ड घेऊन सर्व्हरचं दार वाजवत राहतो. ठरावीक चुका झाल्या की सर्व्हर अकाउंटच बंद करतो. आयटीवाले उघडून देतात, थोड्या वेळाने पुन्हा बंद. अशा वेळी हातातल्या फोनला दोष न देता, याच अकाउंटची आणखी कुठली उपकरणं जिवंत आहेत ते पाहावं. सर्व्हरकडे त्यांची यादी असते. मायक्रोसॉफ्टने तर आपल्या क्लाउड मेलवर १ ऑक्टोबर २०२२पासून नुसत्या नाव-पासवर्डाची वाट बंद करायला सुरुवात केली. ज्या जुन्या फोनांतल्या अॅपना नवी लॉगिनची पद्धत ठाऊक नव्हती, ती पासवर्ड बरोबर असूनही तो पुन्हापुन्हा मागत बसली. तिथे अॅप बदलण्यावाचून इलाज नाही.

माझा सगळ्यात आवडता बिघाड मात्र आयटीवाल्यांनाच छळणारा आहे. ऑफिसचा स्वतःचा एक्स्चेंज सर्व्हर असला की नवा फोन जोडताना सर्व्हर तुमच्या खात्याखाली त्या फोनची एक नोंद तयार करतो. ही परवानगी त्याला वरून, वारशाने मिळालेली असते. पण ज्यांच्याकडे अॅडमिनचे अधिकार आहेत, किंवा कधीकाळी होते, त्यांच्या खात्यांवर विंडोज सुरक्षेखातर हा वारसा तोडून ठेवतो. मग सगळ्या ऑफिसचे फोन झकास सिंक होतात आणि अॅडमिनचा होत नाही. त्याने सेटिंगमध्ये जाऊन वारशाची खूण परत लावली की फोन चालू होतो. पण विंडोजची एक प्रक्रिया दर तासाला फेरी मारते आणि संरक्षित खात्यावरची ती खूण गुपचूप काढून टाकते. तासाभरानंतर जोडलेला दुसरा फोन पुन्हा अडतो. टिकाऊ उपाय एकच : अॅडमिनचं काम वेगळ्या खात्याने करावं आणि मेलसाठी साधं खातं ठेवावं.

सिंक सुरू करून देण्याआधी सर्व्हर काही अटी घालू शकतो. फोनला पिन हवा, मेमरी कुलूपबंद हवी. अटी मान्य होईपर्यंत तो मेल देत नाही, आणि काही अॅप ही गोष्ट स्पष्ट न सांगता नुसतं ‘कनेक्ट होऊ शकत नाही’ म्हणतात. फोनला पिन लावला की मेल सुरू, असाही प्रकार होतो. अटींबरोबर आपण आणखी एका गोष्टीला होकार देतो, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही : फोन दुरून पुसण्याचा अधिकार. जुन्या आवृत्त्यांत त्याचा अर्थ अख्खा फोन, घरच्या फोटोंसकट. अॅक्टिव्हसिंकच्या १६.१ आवृत्तीपासून फक्त ऑफिसचं अकाउंट पुसायची सोय झाली, पण ती अॅप आणि सर्व्हर दोघांनाही येत असेल तरच. स्वतःच्या फोनवर ऑफिसचा मेल घेणाऱ्याने आपल्याकडे यातलं कुठलं लागू आहे ते आयटीला आधी विचारून घ्यावं, आणि जुना फोन विकण्यापूर्वी त्याचं नाव सर्व्हरच्या यादीतून काढून घ्यावं.