इंग्रजीतलं पूर्ण वाक्य की फ्रॅगमेंट? कसं ओळखायचं

'गो.' हे इंग्रजीतलं पूर्ण वाक्य आहे. 'द टॉल बॉय रनिंग अक्रॉस द फील्ड विथ अ रेड बॅग.' हे मात्र वाक्य नाही, फ्रॅगमेंट म्हणजे वाक्याचा अपुरा तुकडा आहे. म्हणजे लांबीवर काही ठरत नाही. सुरुवातीला कॅपिटल अक्षर आणि शेवटी फुलस्टॉप, एवढ्यानेही भागत नाही.

वाक्याला कर्ता लागतो आणि काळ दाखवणारं क्रियापद लागतं. 'गो'मध्ये कर्ता दिसत नाही, पण आज्ञार्थात 'यू' गृहीत असतो. त्या मुलाच्या ओळीत कर्ता ऐटीत बसलाय, पण नुसत्या 'रनिंग'ला काळ नाही. 'इज रनिंग' किंवा सरळ 'रॅन' करा, वाक्य उभं राहतं. मराठी माणूस इथे सहज फसतो, कारण 'तो माझा भाऊ' क्रियापदाशिवाय चालतं आणि 'आलोच' कर्त्याशिवाय. इंग्रजीला दोन्ही हवेत. पाऊस पडतोय एवढं सांगायलाही 'इट इज रेनिंग' असा नावापुरता 'इट' आणून बसवावा लागतो.

खरी गंमत पुढे आहे. 'बिकॉज द रेन स्टॉप्ड.' कर्ता आहे, क्रियापद आहे, तरीही फ्रॅगमेंट! 'बिकॉज' लागला की ते गौण उपवाक्य होतं आणि त्याला प्रधान वाक्याचा आधार लागतो. 'व्हेन', 'इफ', 'ऑल्दो', 'अनलेस' हेही तेच करतात. उपाय दोन: 'बिकॉज' काढून टाका, नाहीतर जोडीला पूर्ण वाक्य द्या. 'बिकॉज द रेन स्टॉप्ड, वुई वेंट आउट.' हे अगदी बिनचूक आहे. 'बिकॉज'ने वाक्य सुरूच करू नये, हा कानावर पडणारा नियम माझ्या मते उगाच घाबरवतो.

सगळ्यात फसवी जात 'हू' आणि 'विच'ची. 'द वुमन हू कॉल्ड यस्टरडे.' इथलं 'कॉल्ड' हे 'हू'च्या वाट्याचं. 'द वुमन'ला स्वतःचं क्रियापद मिळालेलंच नाही. पुढे 'इज हिअर' जोडलं की हिशेब पूर्ण.

शंका आली तर ओळीच्या आधी 'इट इज ट्रू दॅट' लावून वाचा. 'इट इज ट्रू दॅट द रेन स्टॉप्ड' बसतं. 'इट इज ट्रू दॅट बिकॉज द रेन स्टॉप्ड' म्हटल्यावर पुढे काय, असा प्रश्न उरतो. आज्ञा आणि प्रश्न यांना मात्र ही चाचणी लावू नका.

फ्रॅगमेंट नेहमीच चूक असतं असंही नाही. 'व्हेअर आर यू गोइंग?' याला 'होम.' हेच सहज उत्तर. संवादात, जाहिरातीत, कथेत ते शोभतं; अर्जात आणि परीक्षेच्या निबंधात टाळावं. तिथे 'सच ॲज' किंवा 'एस्पेशली'ने सुरू होणारी ओळ दिसली, तर आधीचा फुलस्टॉप काढून स्वल्पविराम देऊन पाहा. बहुतेकदा ती मागच्याच वाक्याची शेपटी असते.