पार्श्वभूमी : पॅरा सेलिंग, २०१५चा निर्णय आणि पर्यावरणाकडे वळलेली वाट

एखादा अपंग शिडनौकापटू शर्यतींसोबत पर्यावरणाच्या कामातही दिसू लागला की बातमी ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून छापून येते. जिद्द असतेच. पण त्या वाटेवर ३१ जानेवारी २०१५ रोजी झालेला, टोकियो पॅरालिम्पिकमधून शिडनौकांच्या शर्यती वगळण्याचा निर्णय उभा आहे आणि तो बाजूला ठेवून पुढचं काही नीट कळत नाही. (पॅरा सेलिंग म्हणजे अपंग खेळाडूंच्या शिडनौकांच्या शर्यती. कळंगुटला स्पीडबोटीमागे पॅराशूट बांधून उडवतात, तो हा खेळ नव्हे.)

त्याआधीचं थोडक्यात. १९९६मध्ये अटलांटाच्या पॅरालिम्पिकला हा खेळ प्रात्यक्षिक म्हणून आला, २००० साली सिडनीत त्याला पदकं मिळाली. २००८पासून एकट्याची, दोघांची आणि तिघांची अशा तीन नौका होत्या. एकट्याची नौका जेमतेम चार मीटरची. खेळाडू आत पुढे तोंड करून जवळजवळ लोळल्यासारखा बसतो, सगळे दोर हाताशी असतात, सुकाणू हाताने किंवा पायाने वळवता येतं. तळाशी जड शिसं असल्यामुळे ती सहसा उलटत नाही. लंडनच्या २०१२च्या स्पर्धेत या नौकेचं सुवर्ण पुरुषांशी झुंजून एका स्त्रीने नेलं. तिघांच्या नौकेत प्रत्येकाला १ ते ७ गुण देत, अपंगत्व जितकं तीव्र तितके गुण कमी. तिघांची बेरीज १४च्या वर गेलेली चालत नसे, त्यामुळे तीव्र अपंगत्व असलेल्या खेळाडूलाही संघात मान होता.

आता तो निर्णय. टोकियोच्या स्पर्धेसाठी खेळ निवडताना आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने शिडनौका आणि सात जणांचा फुटबॉल वगळला, तायक्वांदो घेतला. बॅडमिंटन ऑक्टोबर २०१४मध्येच आत आला होता. निकष प्रसाराचा होता. वैयक्तिक खेळ निदान ३२ देशांत आणि तीन विभागांत, सांघिक खेळ निदान २४ देशांत नियमित खेळला जायला हवा. शिडनौका तिथे कमी पडल्या. कागदावर यात खोट काढता येत नाही. पण देश मोजताना खर्च मोजायचा राहून जातो. रॅकेट पिशवीत मावते. नौकेला कंटेनर लागतो, पाण्यात उतरवायला क्रेन लागते, तरंगता धक्का लागतो. ज्या देशांकडे हे नाही तिथे खेळ पोचत नाही, आणि पोचला नाही म्हणून तो काढून टाकायचा! अपंग खेळाडूंची वेगळी संघटना मुख्य शिडनौका संघटनेत विलीन होऊन तेव्हा काही महिनेही झाले नव्हते. प्रसाराचं काम हाती घ्यायला थोडी सवड द्यायला हवी होती, असं माझं मत आहे.

मात्र आपण भारतीयांनी फार तक्रार करू नये. त्याच निवडीत आत आलेल्या बॅडमिंटनने टोकियोत भारताला दोन सुवर्णांसह चार पदकं दिली.

रिओ २०१६ ही शेवटची पॅरालिम्पिक शर्यत ठरली. पदकांच्या आशेवर चालणारा सरकारी पैसा ब्रिटनसारख्या देशात आटला. उजव्या कोपराखाली हात नसलेली तिथली एक खेळाडू २००४ ते २०१६ अशी सलग चार पॅरालिम्पिक तिघांच्या नौकेत खेळली होती. नंतर तिने एकटीने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीचं लक्ष्य जाहीर केलं, पण २०२०च्या प्रारंभरेषेवर ती नव्हती. इतरांनी प्रशिक्षण धरलं, कोणी संघटनेचं काम. जागतिक संघटनेने स्वस्त, सोप्या नौका आणून अजिंक्यपद स्पर्धा चालू ठेवल्या. पॅरिस २०२४मध्ये परतण्याचा प्रयत्न फसला, जानेवारी २०२३मध्ये लॉस एंजेलिसचंही दार बंद झालं. आता नजर ब्रिस्बेन २०३२वर आहे.

पर्यावरण यात कुठून आलं? रिओतच त्याची ठिणगी पडली. ज्या ग्वानाबारा खाडीत शर्यती झाल्या तिथलं ८० टक्के सांडपाणी शुद्ध करू असं आश्वासन होतं. ते पाळलं गेलं नाही. तरंगणाऱ्या कचऱ्यातून वाट काढणाऱ्याला प्रदूषण वेगळं शिकवावं लागत नाही. २०१८मध्ये जागतिक शिडनौका संघटनेने २०३०पर्यंतचा शाश्वततेचा कार्यक्रम मंजूर केला आणि खेळाच्या आतच अशा माणसांना काम निर्माण झालं. काम गोड बोलण्याचं नाही. नौका फायबरच्या. राळ आणि काचतंतू एकदा घट्ट बसले की वितळवून पुन्हा वापरता येत नाहीत. आपल्या रांपणीची सुंभाने शिवलेली लाकडी होडी कुजून मातीला मिळते, फायबरची पडून राहते.

गोव्याला हे दूरचं नाही. ऑक्टोबर २०१९मध्ये नाफ्था हे ज्वालाग्राही तेल भरलेलं मनुष्यविरहित जहाज भरकटून दोना पावलाजवळ अडकलं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्यावर येणारे डांबराचे गोळे तर दरवर्षीचेच. पायाला चिकटला तर खोबरेल लावून घासत बसायचं. चाकाच्या खुर्चीवाल्याच्या मात्र चाकांना आणि चाकं फिरवणाऱ्या तळव्यांनाही तो लागतो.

पाण्यातल्या खेळांची राष्ट्रीय संस्था गोव्यात आहे, २०२३च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा इथे झाल्या, त्याच वर्षीच्या जानेवारीत पणजीत पर्पल फेस्ट हा अपंगांचा महोत्सव पहिल्यांदा भरला. म्हणजे पाणी, संस्था आणि अपंगांबद्दलची आस्था, तिन्ही एका गावात आहेत. अडचण शेवटच्या दहा पावलांची असते. पणजी-बेती फेरीबोटीचा पुढचा फळा धक्क्यावर टेकतो आणि दुचाकीसारखीच चाकाची खुर्चीही आत जाते. शर्यतीच्या नौकेला असा फळा नसतो. भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारा धक्का आणि खेळाडूला उचलून आत ठेवणारी लहान क्रेन तिच्यासाठी लागते, आणि ती नौकेच्या आधी घ्यावी लागते.